घसरलेला सिंह

राघोबाने चहाच्या टपरीवर ते नाणं परत केलं, तेव्हा अंबाजी बिरादारांना राघोबाचा राग आला नाही. राग आला तो स्वतःच्या बोटांचा. कमलनगरच्या बाजार समितीत सगळा जन्म रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाच्या बोटांनी असं नाणं खिशात जाऊच कसं दिलं?

"अण्णा, ह्याला काय झालंय बगा की," राघोबा नाणं उजेडात धरून म्हणाला. "सिंह पार कडंला घसरलाय. कोन घ्यायलंय हे?"

नाणं दोन रुपयांचं होतं. पण त्यावरचा ठसा मधोमध नव्हताच. सिंह एका बाजूला इतके सरकले होते, की एकाचं अर्धं तोंड नाण्याबाहेर गेलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी करकरीत होती. शिवाय ते जरा पसरट होतं. अंबाजींनी चष्मा पुसून पाहिलं, चष्म्याचा दोष नव्हता.

त्यांनी ते नाणं खपवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. रोखपाल झाला तरी माणूसच. भालकीच्या बसमध्ये कंडक्टरने ते परत दिलं. भाजीवालीने "मामा, तुमी तर शिकल्यालं मानूस" असं म्हणून परत दिलं, ते जास्त लागलं. आणि आमच्या या सीमाभागात नाणं परत करण्याचं शास्त्र तसंही फार पुढे गेलेलं आहे. इथे दहा रुपयांचं चांगलं धडधाकट नाणंसुद्धा लोक घेत नाहीत. का घेत नाहीत हे कोणालाही माहीत नाही. "हिकडं चालत न्हाई," एवढं म्हटलं की विषय संपतो. मग अशी न चालणारी नाणी जातात कुठे? देवाकडे. कमलनगरात घरोघरी देवघरात एक तांब्याची वाटी असते, तिच्यात ही नाणी साठतात. ओटी भरायची असो, सुपारीखाली ठेवायचं असो, घराच्या पायात पुरायचं असो, वाटीतलं एक उचलायचं. देवाला सगळं चालतं, असा त्यामागचा विचार. देवाला कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा अंबाजींचं नाणंही सरळ त्या वाटीत जाऊन पडलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या दिवशी हरिओम आला.

हरिओम म्हणजे अंबाजींचा मेहुणा, कलाबाईंचा धाकटा भाऊ. भालकीला त्याचं मोबाईलचं दुकान. जगात जे जे काही घडतं ते मोबाईलवर आधी येतं, आणि मोबाईलवर जे येतं ते हरिओमकडे आधी येतं, असा त्याचा दावा होता. त्याने नाणं पाहिलं आणि तो पाटावरून उठलाच.

"दाजी! आवं दाजी, हे लाखात जातंय! मी विडिओ बघितलोय!"

"राघोबा तर चहाला घेईना."

"राघोबाला काय कळतंय? थांबा, मी फोटो टाकतो."

त्याने नाण्याचे फोटो कुठल्याशा गटावर टाकले, आणि जेवण आटोपायच्या आत कलबुर्गीहून फोन आला. फोन करणारे बुद्धरत्न सर होते. कडगंचीच्या बाजूला राहायचे, कॉलेजात शिकवायचे, आणि उरलेला सगळा वेळ नाण्यांत घालवायचे. आवाज शांत, भाषा स्वच्छ.

"अंबाजीअण्णा, नाणं पाडताना धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये बसते. वरून दणका बसतो, खालीवर एकदमच छाप उठते. चकती नेमकी मध्ये बसली नाही, तर छाप सरकते. तुमच्या फोटोत तसंच दिसतंय. एकदा सरकली, की यंत्र काही परत मागे घेत नाही. तपासणीत अशी नाणी बाजूला काढतात, एखादं निसटतं. ते निसटलेलं तुमच्याकडे आलंय."

"म्हणजे खोटं न्हाई?"

"अगदी खरं. फक्त चुकलेलं. या रविवारी कलबुर्गीत आमचं नाणेप्रदर्शन आहे. घेऊन या. असं नाणं शोधून आणणाऱ्यांचा आम्ही मंचावर सत्कार करतो. शाल, श्रीफळ."

हरिओम शेजारी लाखाचं काय बोलत होता ते अंबाजींनी ऐकलंच नाही. त्यांच्या कानात एकच शब्द राहिला, शाल.

आता हे जरा सांगायला हवं, कारण सगळं पुढचं रामायण त्या शालीपायी घडलं. अंबाजींनी नोकरीत असताना दुसऱ्यांच्या निरोपसमारंभांना वर्गणी दिली होती, शाली स्वतः भालकीहून पारखून आणल्या होत्या, घडी घालून ताटात ठेवल्या होत्या, टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि त्यांचा स्वतःचा निवृत्तीचा दिवस उजाडला तो टाळेबंदीत. सगळं बंद. साहेबांनी फोनवर "फार चांगलं काम केलंत" असं म्हटलं, आणि तेही अर्ध्यात कट झालं. अंबाजींनी त्या संध्याकाळी चाव्या रखवालदाराच्या हातात दिल्या, तोंडाला रुमाल बांधून घरी आले आणि भाकरी खाल्ली. त्याबद्दल ते कधी कोणाला काही बोलले नाहीत. पण कोणाच्या अंगावर शाल पडताना पाहिली की ते चष्मा काढून पुसत बसत. कलाबाईंना हे माहीत होतं. त्याही कधी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी राघोबाच्या टपरीवर बातमी पोचली आणि कमलनगरचा कारभार ठप्प झाला. ज्या राघोबाने नाणं परत केलं होतं तो आता "माज्याच टपरीवर सापडलं" असं सांगत होता. लोक गल्ल्यातली चिल्लर ओतून, भिंगं लावून सिंह सरकलाय का बघत बसले. सुट्टे देण्याआधी दुकानदार प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी न्याहाळू लागले, त्यामुळे पावकिलो साखर घ्यायला गेलेलं माणूस सांजच्याला परत येऊ लागलं. एकाने तर हातोडी घेऊन चांगल्या नाण्याला 'चूक' करायचा घाट घातला. त्यात नाण्याला काही झालं नाही, अंगठ्याचं मात्र नख गेलं.

सल्ल्यांना तर ऊतच आला. कोणी म्हणालं, तेलात ठेवा. कोणी म्हणालं, मिठात ठेवा. कोणी म्हणालं, सरकारी माणसाकडून खरेपणाचा दाखला घ्या, नाहीतर कलबुर्गीत उभं करणार नाहीत. अंबाजी सरकारी कागदाला फार मान देणारे. ते तडक बँकेत गेले. तिथल्या बाईंनी नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे खरं आहे असं तुमचं म्हणणं आहे, की खोटं आहे असं?"

"खरं हाय, पण चुकलेलं."

"चुकलेल्याचा आमच्याकडे रकाना नाही. खरं असेल तर खात्यात भरा, खोटं असेल तर आम्हाला जप्त करावं लागेल."

जप्तीचा शब्द ऐकताच अंबाजींनी नाणं मुठीत घेतलं आणि ते बँकेतून जे निघाले ते थेट उंबऱ्याच्या आत येऊनच थांबले.

"कपाटात ठेवू नका अण्णा," राघोबाने खाजगीत बजावलं. "चोर पैलं कपाट फोडतोय."

हा सल्ला अंबाजींना पटला. इतका पटला, की त्यांनी त्यावर स्वतःची अक्कल चढवली. एक साधं दोनाचं नाणं कापसात गुंडाळून डबीत घातलं, डबी सगळ्यांच्या देखत कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. आणि खरं नाणं, कोणाला न सांगता, देवघरातल्या वाटीत न चालणाऱ्या नाण्यांच्या ढिगात मिसळून टाकलं. वर हळदकुंकू शिंपडलं. चोर काय, दस्तुरखुद्द मालकालाही पटकन सापडू नये अशी ती जागा होती. अंबाजी स्वतःवर बेहद्द खूश झाले. बायकोलाही सांगितलं नाही. गुपित दोघांत गेलं की ते गुपित राहत नाही, असं ते मनाशी म्हणाले, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत ते गुपितच राहिलं.

शुक्रवारी शेजारच्या नागप्पाच्या नव्या घराची चौकट बसली.

नागप्पा आणि उमादेवी बरीच वर्षं गल्लीच्या टोकाला भाड्याच्या पत्र्याखाली राहत होते. नागप्पाची बी-बियाणांची टपरी. एक एक वीट जमवून त्यांनी अंबाजींच्या भिंतीला लागून दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. चौकट बसवायची म्हणजे पहिल्यांदा खालच्या खड्ड्यात नवधान्य, हळदकुंकू आणि एक नाणं घालायचं, ते गल्लीतल्या मोठ्या सवाष्णीच्या हातून. मोठी सवाष्ण म्हणजे कलाबाई. त्यांनी रीतीप्रमाणे देवाच्या वाटीतलं वरचं, हळदकुंकवाने माखलेलं एक नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि खड्ड्यात घातलं. माणिकप्पा गवंड्याने वर चौकट उभी केली, सिमेंट ओतलं, थापी मारली. उमादेवीने आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. अंबाजींनी स्वतः पेढा खाल्ला, आणखी एक मागून घेतला.

संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी सहज वाटीत हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग वाटी पाटावर उपडी केली.

"आवं, देवाची वाटी कामून सांडायलाव?" कलाबाईंनी आतून विचारलं.

"ह्यातलं एक नाणं... कोन घेतलं का?"

"मी घेतले की. नागप्पाच्या चौकटीला. कामून?"

अंबाजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कलाबाईंना सगळं सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं. कलाबाई कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या.

"कपाटातलं मग काय हाय?"

"ते साधं हाय."

"म्हंजे साध्याला कुलूप आनि खऱ्याला हळदकुंकू? आनि मला सांगायचं न्हाई? तुमच्या आसल्या हुशारीनंच तुमी रोखपाल ऱ्हायलाव," कलाबाई म्हणाल्या. पण त्या चिडल्यापेक्षा हळहळल्या होत्या. रविवारसाठी त्यांनी इरकल साडी इस्त्रीला दिली होती.

अंबाजींना जेवण गेलं नाही. एव्हाना रविवारची बातमी औरादपर्यंत गेली होती. हरिओमने भालकीत फलक लावण्याची भाषा केली होती. नाणं नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील हे त्यांना राघोबाच्या आवाजात ऐकू येत होतं. पण नागप्पाला कसं सांगायचं? बसलेली चौकट उपटा म्हणायचं? आमच्याकडे बसलेली चौकट हलवणं म्हणजे पाटावर बसलेल्या नवरदेवाला उठ म्हणण्यासारखं.

शनिवारी दुपारी गल्ली पेंगत होती. अंबाजींच्या मनात आलं, सिमेंट अजून ओलं असेल, नुसतं जाऊन बघायला काय हरकत आहे? त्यांनी स्वयंपाकघरातून एक चमचा खिशात घातला. दुसऱ्या खिशात सरबतासाठी आणलेली लिंबं होती, ती तशीच राहिली. पायातल्या चपला काढल्या, कारण आवाज नको. आणि नव्या चौकटीपुढे गुडघ्यांवर बसून, कान जमिनीला लावून, चमच्याने कडेकडेची माती ते हलक्या हाताने उकरू लागले.

उमादेवी आतल्या खोलीत फरशीवर आडवी झाली होती. खरखर ऐकून ती उठली. नव्या घराचा उंबरा, त्यापुढे अनवाणी वाकलेला माणूस, हातात काहीतरी, आणि तेवढ्यात खिशातून घरंगळत उंबऱ्याशी येऊन थांबलेलं लिंबू. आमच्या भागात एवढं चित्र पुरेसं असतं.

"अय्यो! भानामती! भानामती करायलेत वो!"

पेंगणारी गल्ली अशी जागी झालेली मी तरी ऐकलेली नाही. नागप्पा धावत आला, माणिकप्पा थापीसकट आला, राघोबा उकळता चहा तसाच सोडून आला. अंबाजी उठायचा प्रयत्न करत होते, पण गुडघा धरला होता, त्यामुळे ते अजूनच वाकून नमस्कार घातल्यासारखे दिसत होते.

"अण्णा?" नागप्पाचा विश्वास बसेना. "तुमी? माज्या घराला?"

"नागप्पा, लिंबू सरबताचं हाय," अंबाजी म्हणाले. यापेक्षा वाईट सुरुवात करता आली नसती.

"आनि चमचा?"

"चमचा... चमचा नाण्यासाठी."

मग कलाबाई पदर खोचत पुढे आल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर, काही न लपवता, वाटीची, कपाटाची आणि हळदकुंकवाची कथा सांगितली. लोक आधी हसले. मग सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी चौकटीकडे वळल्या.

"त्यात काय," माणिकप्पा थापी झटकत म्हणाला. "सांगा, एका घावात काढतो."

नागप्पाने बायकोकडे पाहिलं. उमादेवीने चौकटीचा एक खांब धरला होता. तिच्या हाताची हळद त्या लाकडाला लागली होती, आणि ती अंबाजींकडे नव्हे, तोरणाकडे बघत होती. एवढ्या वर्षांनी तिला स्वतःचं म्हणता येईल असं दार मिळत होतं, आणि अजून त्याला कवाडही लागलं नव्हतं.

अंबाजींना ते दिसलं. आपल्याला शाल फार हवी आहे हे त्यांना आत्ता, सगळ्यांसमोर उभं असताना, लख्ख कळलं, आणि आपण ती मागणार नाही हेही. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा दोष त्यांनी गुडघ्याला दिला.

"न्हाई माणिकप्पा. बसलेल्या चौकटीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "नागप्पा, नाणं जाऊ दे. तुज्या दाराखाली गेलंय, वाया न्हाई गेलं."

त्यांनी लिंबू उचललं, चपला शोधल्या आणि ते घरी आले. कलाबाईंनी त्या दिवशी न सांगता शिरा केला.

पण गोष्ट इथे थांबायला माणिकप्पा तयार नव्हता, म्हणजे त्याची चौकट तयार नव्हती. संध्याकाळी सुताराने कवाड आणून बसवलं आणि ते मिटेना. वरून लागे, खालून चार बोटं उघडं राही. माणिकप्पा म्हणाला, कवाड वाकडं. सुतार म्हणाला, तोंड सांभाळ. माणिकप्पा म्हणाला, लाकूड फुगलंय. मग म्हणाला, जमीन खचलीय. मग कोणीतरी ओळंबा आणून सोडला, आणि सगळ्यांनी पाहिलं, दोरा एकीकडे लोंबतोय आणि चौकट दुसरीकडे उभी आहे. चौकट चांगली दोन बोटं सरकून बसली होती.

नागप्पा त्या कोऱ्या फटीकडे बघत राहिला आणि एकदम पोट धरून हसायला लागला. "अण्णा! अण्णा, भायेर या! तुमच्या सिंहासारखीच हीबी घसरली की वो!"

पूजा सांगणाऱ्या स्वामींना फोन केला. त्यांनी निर्वाळा दिला की सरळ चौकट हलवणं अशुभ, वाकडी ठेवणं त्याहून अशुभ, नारळ फोडून काढा, सोमवारी परत बसवा, खाली घातलेलं जसंच्या तसं परत घाला. माणिकप्पाने मान खाली घालून, एका घावात नव्हे, बऱ्याच घावांत चौकट काढली. खाली नवधान्यात, सिमेंटच्या पापुद्र्यात, सिंह कडेला सरकून आरामात पडलेला होता.

अंबाजींनी त्याला उचलून मुठीत घट्ट धरलं.

"घेऊन जावा कलबुर्गीला," नागप्पा म्हणाला. "दाखवा, सत्कार घ्या. विकायचं आसंल तर विका, मी दुसरं घालतो. मीबी येतो बगायला."

सगळं इतकं सुरळीत झालं, की दोन्ही घरच्या बायकांना राहवेना. एवढं मोठं नाणं मंचावर जायचं आणि अंगावर सिमेंट, हळद, कुंकू? उमादेवीने चिंच भिजवली, कलाबाईंनी राखुंडी काढली, आणि दोघींनी मिळून ते नाणं घासलं. आधी हलक्या हाताने, मग काथ्याने. नाणं असं लखलखलं, की अंबाजींनी त्यात मिशा पाहिल्या. ते इतके हरखले की दोघींचे आभारही मानले.

रविवारी सकाळच्या बसने तिघं निघाले, अंबाजी, इरकलमधल्या कलाबाई आणि नागप्पा. हळ्ळीखेडपर्यंत नागप्पाने खिडकी धरली, हुमनाबादला भजी खाल्ली, आणि दुपारी ते प्रदर्शनाच्या सभागृहात पोचले. तिथे काचेखाली चुकलेल्या नाण्यांचा एक सबंध कोपरा होता. एकाच्या कडेचा घास काढल्यासारखा तुकडा गायब, कारण चकत्या कापताना पत्रा नीट सरकला नव्हता. एकावर वर उठलेली बारीक रेघ, कारण ठशालाच तडा गेलेला, आणि धातू त्या तड्यात शिरलेला. एकाच्या दोन बाजू एकमेकींशी तिरप्या, कारण एक ठसा ढिला होऊन फिरलेला. अंबाजी एकेका काचेपुढे हात मागे बांधून उभे राहिले. इतकी चुकलेली आणि तरी मानाने मांडलेली माणसं, म्हणजे नाणी, त्यांनी एका जागी कधी पाहिली नव्हती.

बुद्धरत्न सरांनी हसून हात जोडले, भिंग डोळ्याला लावलं, नाणं घेतलं. आणि हसू हळूहळू मावळलं.

"हे कोणी घासलं?"

"मी," कलाबाई अभिमानाने म्हणाल्या. "चिंच लावून. सोन्यासारखं झालंय न्हाई?"

सरांनी खुर्ची ओढून घेतली. बिचारे सभ्य माणूस, त्यांना बाईमाणसाला दुखवायचं नव्हतं. "वहिनी, नाणं पाडताना धातूच्या अंगावर एक मूळची झाक येते. शौकीन माणूस तीच बघतो. ती एकदा घासून गेली, की..." त्यांनी नाणं हलकेच मखमलीवर ठेवलं. "नाणं अस्सल आहे. चूकही अस्सल आहे. पण आता लाखाचं काय, हजाराचंही अवघड. काही शे येतील. मी स्वतः घेईन, सांगा."

कलाबाईंचा चेहरा पडला. अंबाजींनी तो पाहिला आणि घाईघाईने म्हणाले, "लई मळलं होतं सर. तसं कसं आनायचं? मीच सांगितलो घासा म्हणून." ही थाप होती, पण तशा थापा माफ असतात.

"आणि सत्कार आहेच," सर म्हणाले. "तुमचं नाव आहे. पुढच्या रांगेत बसा."

अंबाजी पुढच्या रांगेत बसले. सदऱ्याची गुंडी पुन्हा पुन्हा तपासली. मंचावर ताटात शालींची चवड होती, आणि शाल पारखण्यात हयात गेलेल्या अंबाजींनी लांबूनच ओळखलं की माल चांगला आहे. मग पाहुणे आले. निमंत्रित आले, त्यांच्यामागून अनिमंत्रित आले, अनिमंत्रितांचे कार्यकर्ते आले, आणि मंचावर आलेल्या माणसाला शाल दिल्याशिवाय खाली उतरवायची आपल्याकडे पद्धत नाही. प्रत्येक शालीबरोबर अंबाजी टाळ्या वाजवत होते आणि चवड उतरताना बघत होते. भाषणं झाली. शेवटी बुद्धरत्न सर माईकपाशी आले तेव्हा ताटात फक्त नारळ उरले होते.

"वेळेअभावी," सर मान खाली घालून म्हणाले, "नाणी शोधणाऱ्यांचा सत्कार प्रातिनिधिक स्वरूपात झाला असं समजावं."

अंबाजींनी तेही समजून घेतलं. टाळ्याही वाजवल्या, सवयीने. नंतर सर धावत खाली आले, हात धरून पुन्हा पुन्हा क्षमा मागितली, एक नारळ हातात दिला, आणि म्हणाले, "निदान नाण्याचं तरी सांगा. ठेवू?"

"न्हाई सर," अंबाजी म्हणाले. "त्याची चौकट थांबलीय."

परतीच्या आधी नागप्पा "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणून गेला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बगलेत मारून आला. काय आहे विचारल्यावर "खिळे" म्हणाला. बस निघाली. कलाबाई एकदाच म्हणाल्या, "माज्यामुळं झालं," आणि अंबाजी म्हणाले, "नारळ चांगला हाय, बगा की, पान्यानं भरल्याला," आणि त्यांनी तो कानापाशी नेऊन हलवून दाखवला.

सोमवारी चौकट पुन्हा उभी राहिली. या वेळी ओळंबा स्वतः सुताराने धरला आणि माणिकप्पाला फक्त सिमेंट कालवायला ठेवलं. गल्ली सगळी जमली. नवधान्य पडलं, हळदकुंकू पडलं, आणि नागप्पा म्हणाला, "नाणं अण्णांच्या हातून."

"सवाष्णीचा मान हाय तो," अंबाजी मागे सरले.

"दोगं मिळून घाला," उमादेवी म्हणाली.

दोघांनी मिळून सिंहाला खड्ड्यात ठेवलं. घासूनपुसून लखलखणारं, कुठल्याही टपरीवर न चाललेलं ते नाणं मातीत दिसेनासं झालं. चौकट बसली. कवाड लावलं, आणि ते कर्र आवाज न करता मिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबाजींनीही वाजवल्या.

"थांबा," नागप्पा म्हणाला आणि आतून कागदाची गुंडाळी घेऊन आला. कागद सोडला. आत खिळे नव्हते. लालसर काठाची, मऊ, जाडजूड शाल होती, आणि अंबाजींनी बोट न लावताच ओळखलं की ही मंचावरच्यांपेक्षा भारी आहे.

"मला भाषण येत न्हाई," नागप्पा म्हणाला. "आमचे अण्णा बाजार समितीत लई वर्षं बसले, कुणाचा एक रुपया इकडं तिकडं केला न्हाई. रिटायर झाले तवा कुणीच न्हवतं. आज आमी हाव. परवा माज्या दारासाठी नाणं सोडले. आता ह्या दारातनं पैलं पाऊल अण्णांचं." मग त्याने शालीची घडी उलगडली. "झालं," तो म्हणाला आणि त्याने शाल अंबाजींच्या अंगावर टाकली.

राघोबाने शिट्टी मारली. कलाबाई पदराने डोळे पुसू लागल्या, आणि या वेळी अंबाजींनी गुडघ्याला दोष दिला नाही. ते सरळ रडले आणि रडताना हसले. कलाबाईंनी कलबुर्गीचा नारळ उंबऱ्यावर फोडला, आणि पाणी खरंच भरपूर निघालं.

नागप्पाने घाईत टाकलेली शाल मात्र नीट बसली नव्हती. एका खांद्यावरून सगळी खाली घसरली होती आणि दुसरा खांदा पार कोरा राहिला होता. कलाबाई ती मधोमध करायला पुढे झाल्या, तशी अंबाजींनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आसंच बरं हाय."

आणि तशीच, एका बाजूला घसरलेली शाल सांभाळत, ते त्या दारातून आत गेले.